मांजरालाही मधुमेह होतो!

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या पेठेतल्या एक काकू दवाखान्यात आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, घरात एकट्या; गेली दहा वर्षे मधुमेहासाठी माझ्याकडे येतात. त्या दिवशी स्वतःच्या तब्येतीचे काही न बोलता त्यांनी विचारले, “डॉक्टर, माझ्या गोळीतली अर्धी आमच्या गुंड्याला दिली तर चालेल का?”

गुंड्या म्हणजे त्यांचा अकरा वर्षांचा बोका. दिवसातून तीनदा पाण्याचे भांडे रिकामे करायचा, अधाशासारखा खायचा आणि तरीही पाठीचा कणा हाताला लागू लागला होता. त्याच्या लघवीच्या वाळूला मुंग्या लागलेल्या पाहून काकूंनी रोग ओळखला. निदान बरोबर होते, पण औषध चुकीचे.

माणसाला नेहमी दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी मांजराला पुरेशी लागू पडत नाही, आणि तिच्या नादात मोलाचे आठवडे वाया जातात. (जाता जाता: तापावरची पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराला विषच आहे.) मी माणसांचा डॉक्टर, तेव्हा काकूंना जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवले. पुढे या बोक्यापायी मलाही बरेच शिकायला मिळाले.

मांजराचा मधुमेह बहुतांशी आपल्या प्रौढ वयातल्या मधुमेहासारखाच असतो. उतारवय, लठ्ठपणा, घरात बसून राहणे ही कारणे तीच. खच्ची केलेल्या बोक्यांत तो जास्त आढळतो. स्टिरॉइडच्या औषधांनीही उद्भवतो. रोग मुरला की काही मांजरे मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागतात. मात्र दवाखान्यात नेलेले मांजर घाबरते आणि नुसत्या भीतीनेही त्याची साखर तीनशेच्या आसपास जाऊ शकते. म्हणून एकाच आकड्यावर भिस्त न ठेवता लघवीतली साखर आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामिनची तपासणी करतात.

मुख्य औषध इन्सुलिन. अमेरिकेत २०२२च्या डिसेंबरात मांजरांसाठी एक गोळी मंजूर झाली. पण आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजराला ती चालत नाही, शिवाय तिच्यावर बारीक लक्ष ठेवावे लागते. सुईचे नाव काढताच काकूंचा चेहरा उतरला. मी त्यांना सांगितले, की १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करूनच इन्सुलिन मिळवले. मुक्या जनावरांचे आपल्यावर तेवढे देणे आहेच. सुई केसासारखी बारीक असते. मांजर खात असताना मानेमागची किंवा कुशीवरची कातडी चिमटीत धरून टोचली, तर पुष्कळदा त्याला पत्ताही लागत नाही. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने.

खरा धोका मापात आहे. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळते, एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट. पहिल्याची सिरिंज लाल टोपणाची, दुसऱ्याची नारिंगी. गुंड्याला ग्लार्जिन लिहून दिले होते, म्हणजे १०० युनिटांचे. आणि काकूंकडे यजमानांच्या वेळच्या लाल टोपणाच्या सिरिंज शिल्लक. त्या सिरिंजने एका रेघेइतके औषध भरले असते, तर एका युनिटाऐवजी अडीच युनिट गेले असते. चार-पाच किलोच्या जिवाचा डोस बहुधा एका युनिटाच्या आसपास सुरू होतो, हे लक्षात घ्या. सिरिंज दाखवायला त्या आल्या म्हणून बरे.

तरी एक गोष्ट सांगायची राहिलीच, आणि ती चूक माझी. महिन्याभराने एका संध्याकाळी गुंड्या ऐन वेळी उसळला. औषध केसांतच सांडले असे वाटून काकूंनी पुन्हा टोचले. रात्री दहाला शेजारच्या मुलाचा फोन आला: बोका झोकांड्या खातोय, मान टाकतोय. बोटाने मध हिरड्यांना चोळा, तोंडात काही ओतू नका आणि तसेच रिक्षात घालून न्या, असे सांगितले. जनावरांच्या डॉक्टरांनी रात्रभर ग्लुकोजचे सलाईन लावले, गुंड्या वाचला. औषध आत गेले की नाही अशी शंका आली, तर पुन्हा टोचू नये. सरळ पुढच्या वेळेपर्यंत थांबावे. एक डोस चुकल्याने सहसा बिघडत नाही, दुप्पट डोसाने जीव जातो. मांजराने खाल्ले नाही किंवा उलटी केली, तरीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेहमीचा डोस देऊ नये.

आता खाण्याचे. गुंड्याचा जन्म दूध-पोळी आणि ग्लुकोजच्या बिस्किटांवर गेला होता. मांजर जातीचे मांसाहारी. पिष्टमय अन्न त्याला झेपत नाही. काकूंच्या घरात अंडेसुद्धा येत नसे, पण ओले तयार खाद्य पाकिटात मिळते आणि बोक्यासाठी तेवढे चालवून घ्यायला त्या तयार झाल्या. नुसत्या उकडलेल्या चिकनवर मात्र कायम ठेवू नये. त्यात कॅल्शियम पुरत नाही आणि मांजराला लागणारे टॉरिनही कमी पडू शकते. आहारातला बदल डॉक्टरांना सांगून हळूहळू करावा, कारण पिठूळ खाणे घटले की इन्सुलिनही घटवावे लागते. लठ्ठ मांजराला उपाशी तर मुळीच ठेवू नये, चार दिवसांत यकृत बिघडते.

वेळेवर उपचार सुरू झालेल्या काही मांजरांचे इन्सुलिन पुढे सुटते. गुंड्याचे पाचव्या महिन्यात सुटले. ते परत लागूही शकते, म्हणून काकू अजून त्याचे पाणी मापाने भरतात, दर रविवारी वजन करतात आणि कॅलेंडरवर लिहितात. त्यांची स्वतःची रक्ततपासणी मात्र आठ महिने झालेली नाही. येत्या सोमवारी उपाशीपोटी यायला सांगितले आहे.