प्रमुख सिलिंडर, मोटारसायकलीचा

मोटारसायकलीच्या हँडलवरील तरफ बोटांनी ओढली असता त्या ओढीचे द्रवदाबात रूपांतर करणारे साधन. व्यवहारात त्यास ‘मास्टर सिलिंडर’ म्हणतात. उजव्या मुठीजवळील प्रमुख सिलिंडर पुढच्या चाकाच्या तबकडी ब्रेकला, पायाजवळील मागच्या ब्रेकला आणि काही मोटारसायकलींत डाव्या मुठीजवळील सिलिंडर क्लचला दाब पुरवितो. मूळ सिलिंडर काढून त्या जागी वेगळ्या व्यासाचा वा वेगळ्या रचनेचा सिलिंडर बसविण्याची प्रथा अलीकडे पुष्कळ वाढली आहे. मात्र व्यास वाढविला म्हणजे ब्रेकचा जोर वाढतो, ही सर्वसाधारण समजूत चुकीची आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्काल यांच्या तत्त्वावर ही योजना आधारलेली आहे. मोटारगाडीतील द्रवीय ब्रेकचे एकस्व माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये घेतले. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेल्या मोटारसायकलींत पुढील चाकास द्रवीय तबकडी ब्रेक प्रथम जपानच्या होंडा कंपनीच्या सीबी ७५० या गाडीवर (१९६९) आला. भारतात तो सर्वसामान्यांच्या गाडीवर येण्यास बराच काळ लागला. पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने २००१ मध्ये आणलेल्या पल्सर मालिकेनंतर तो झपाट्याने रूढ झाला. या ब्रेकचे भाग पुण्याजवळील चाकण आणि छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज या औद्योगिक क्षेत्रांत तयार होतात.

रचना व कार्य : ॲल्युमिनियमाच्या ओतीव कायेतील गुळगुळीत नळीत दट्ट्या असतो. त्यावर रबराचे दोन कप असतात. पुढचा कप दाब धरतो, मागचा द्रव बाहेर गळू देत नाही. दट्ट्यापुढील स्प्रिंग त्याला परत मागे ढकलते. वरच्या टाकीतून नळीत दोन छिद्रे उघडतात, त्यांपैकी एक सुईच्या अग्राएवढे बारीक असते. तरफ मोकळी असताना तापून फुगलेला द्रव या छिद्रातून टाकीत परत जातो. तरफ ओढताच कप हे छिद्र ओलांडतो आणि तेव्हापासून दाब चढू लागतो. छिद्र गाळाने बुजले वा तरफेला मोकळी चाल उरली नाही, तर फुगलेल्या द्रवाला वाट मिळत नाही, पॅड तबकडीस चिकटून राहतात, त्यामुळे द्रव अधिकच तापतो आणि अखेरीस धावत्या गाडीचे चाक अडकू शकते. सिलिंडर बदलताना तरफेचा ढकलणारा स्क्रू जास्त आवळल्यानेही हाच दोष निर्माण होतो.

व्यासाचा हिशोब : बोटांचा जोर ६ किग्रॅ. व तरफेचे गुणोत्तर ६ असल्यास दट्ट्यावर ३६ किग्रॅ. बल येते. दट्ट्याचा व्यास १४ मिमी. असेल तर त्याचे क्षेत्रफळ १.५४ चौ. सेंमी. आणि द्रवदाब दर चौ. सेंमी.ला सु. २३.४ किग्रॅ. होतो. तेवढ्याच जोराने १२.७ मिमी. व्यासाच्या दट्ट्याने सु. २८.४, तर १६ मिमी. व्यासाच्या दट्ट्याने केवळ सु. १७.९ किग्रॅ. दाब मिळतो. कॅलिपरात ३२ मिमी. व्यासाचे दोन दट्टे (एकूण १६.०८ चौ. सेंमी.) असल्यास १४ मिमी.च्या सिलिंडरने पॅडवर सु. ३७६ किग्रॅ. बल पडते. घर्षणांक ०.४ व तबकडीच्या दोन बाजू धरता सु. ३०१ किग्रॅ. घर्षण होते. तबकडीची परिणामी त्रिज्या १२.५ सेंमी. व चाकाची ३० सेंमी. असल्यास रस्त्यावर सु. १२५ किग्रॅ. रोधक बल मिळते.

लहान व्यासाची किंमत चालीच्या रूपाने मोजावी लागते. वरील कॅलिपराचे पॅड एकूण ०.१ मिमी. सरकण्यासाठी १२.७ मिमी.च्या सिलिंडरात तरफेचे टोक सु. ७.६ मिमी., १४ मिमी.च्या सिलिंडरात ६.३ मिमी. आणि १६ मिमी.च्या सिलिंडरात ४.८ मिमी. सरकते. म्हणून फार लहान व्यास घेतल्यास तरफ मुठीला टेकते, फार मोठा घेतल्यास ती दगडासारखी लागते. एका तबकडीच्या गाडीला दोन तबकड्यांच्या गाडीचा सिलिंडर बसविणाऱ्यांचा हाच अनुभव असतो. ब्रेक ‘कडक’ लागतो खरा, परंतु गाडी थांबण्यास अधिक जोर लागतो. समोरासमोर दट्टे असलेल्या कॅलिपरात हिशोबाला एकाच बाजूचे दट्टे धरावयाचे असतात. चारही धरल्याने पुष्कळांची निवड चुकते.

स्पर्धांच्या गाड्यांतून आलेल्या अरीय सिलिंडरात दट्ट्या हँडलला काटकोनात असतो. त्यामुळे तरफेचा जोर वाकडा न जाता सरळ दट्ट्यावर येतो व ब्रेकचा अंदाज बोटांना अधिक बारकाईने लागतो. अशा सिलिंडरावर ‘१९×१८’, ‘१९×२०’ असे दोन आकडे असतात. पहिला दट्ट्याचा व्यास, दुसरा तरफेची खीळ व दाबबिंदू यांतील अंतर, दोन्ही मिमी.मध्ये. दुसरा आकडा जितका लहान तितका तरफेचा लाभ अधिक.

क्लच : भारतात बनणाऱ्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच तारेनेच चालतो. द्रवीय क्लचमध्ये प्रमुख सिलिंडर दुय्यम सिलिंडराकडे द्रव ढकलतो व त्याचा दट्ट्या क्लचच्या तबकड्या विलग करतो. येथे बल स्प्रिंगांनी आधीच ठरलेले असते. लहान व्यासाने तरफ हलकी होते, परंतु सरकणारा द्रव कमी पडून तबकड्या पुरत्या सुटत नाहीत आणि गिअर अडतो. काही कंपन्यांच्या क्लचमध्ये खनिज तेल असते. त्याच्या रबरी कपांना ब्रेकचे ग्लायकॉल तेल आणि ब्रेकच्या कपांना खनिज तेल घातक ठरते. म्हणून टाकीच्या झाकणावरील मजकूर वाचल्याशिवाय भरणी करू नये.

द्रव व हवामान : ग्लायकॉल द्रव हवेतील पाणी शोषतो. कोरडा असताना डॉट ३ प्रतीचा उकळबिंदू किमान २०५° से., डॉट ४ चा २३०° से. व डॉट ५.१ चा २६०° से. असतो. सु. ३.७ टक्के पाणी शोषल्यावर हे आकडे अनुक्रमे १४०°, १५५° व १८०° से.पर्यंत खाली येतात. उकळलेल्या द्रवाची वाफ दाबली जाते, त्यामुळे तरफ पोकळ लागते. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग क्र. ४४ वर (पूर्वीचा क्र. ७) आहे. वेगाने जाणारे मालमोटारींचे तांडे, कापसाने भरलेले ट्रॅक्टर आणि मध्येच आडवी येणारी गुरे यांमुळे तेथील दुचाकीस्वाराला एकाएकी ब्रेक दाबावा लागतो. विदर्भाचा कडक उन्हाळा, त्यामागून येणारा दमट पावसाळा आणि काळ्या मातीची बारीक धूळ या तिन्ही गोष्टी प्रमुख सिलिंडराला प्रतिकूल आहेत. अशा ठिकाणी महाग सिलिंडरापेक्षा दोन वर्षांनी बदललेला द्रव, धूळ न शिरू देणारा तरफेकडील रबरी बुरखा आणि टाकीच्या झाकणाखालील निर्दोष पडदा यांचा उपयोग अधिक. जुना कप झिजून तरफ हळूहळू खाली बसत असेल, तर मूळ व्यासाचाच नवा सिलिंडर वा कप-संच हाच योग्य उपाय होय.

बसविणे : हँडलचा व्यास, टाकी व आरसा यांना लागणारी जागा, ब्रेक-दिव्याची कळ आणि नळीच्या पोकळ बोल्टाचा आटा (१ वा १.२५ मिमी. अंतराचा) जुळतात का, हे आधी पाहावे. चुकीचा आटा दोन वेढे सहज फिरतो व मग ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. बोल्टाच्या दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या चकत्या नव्याच घ्याव्यात. द्रव रंग सोलतो, म्हणून इंधनटाकीवर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावा.

भारतात १ एप्रिल २०१८ पासून नव्या प्रकारांच्या आणि १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या दुचाकींपैकी १२५ घ. सेंमी.हून मोठ्या एंजिनांच्या गाड्यांना चाक-अडक प्रतिबंधक यंत्रणा सक्तीची झाली. अशा गाडीत प्रमुख सिलिंडर व कॅलिपर यांच्यामध्ये झडपांचा संच असतो. त्यात अडकलेली हवा नेहमीच्या रीतीने निघतेच असे नाही, काही गाड्यांत त्यासाठी निदान-यंत्र जोडून झडपा चालवाव्या लागतात. काम झाल्यावर तरफ जोराने ओढून काही वेळ दाबून धरावी. ती खाली सरकत नसेल आणि सोडल्यावर चाक मोकळे फिरत असेल, तरच मोकळ्या जागेत मंद वेगाने चाचणी घेऊन गाडी रस्त्यावर न्यावी.