लोडर पुढे, वजन मागे

द्राक्ष-डाळिंबाच्या ओळींमधून फिरणारा १५ ते २५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आता आपल्या ओळखीचा झाला आहे. त्याला पुढे लोडर बसवला, की शेणखताचा ढीग उचलायला घमेली आणि मजूर शोधावे लागत नाहीत. मात्र लोडर घेताना आपण विचारतो, ‘उचलतो किती?’ त्याआधी विचारायला हवं, की उचललेल्या वजनाचा भार जातो कुठे?

दगडाखाली पहार घालतो, तेव्हा टेकूच्या एका बाजूला दाब दिला की दुसरी बाजू वर येते. इथे पुढचा अ‍ॅक्सल हा टेकू. समजा, बकेटमध्ये २०० किलो खत आहे, ते पुढच्या अ‍ॅक्सलच्या ४ फूट पुढे आहे आणि दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये ५ फूट अंतर आहे. मग मागच्या चाकांवरचा १६० किलो भार कमी होतो आणि पुढच्या चाकांवर ३६० किलो वाढतो. लोडरचं स्वतःचं वजन वेगळंच!

धोका इथेच आहे. बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ती हलकी झाली, की बांधावरून उतरताना ब्रेक लागूनही ट्रॅक्टर घसरत जातो.

उपाय महाग नाही. मागच्या लिंकेजला वजन लावा. दीड-पावणेदोन फूट लांबी-रुंदीचा आणि सव्वा फूट उंचीचा काँक्रीटचा ठोकळा साधारण दोनशे किलो भरतो. तो मागे टांगला, की पुढच्या अ‍ॅक्सलवरचा भारही कमी होतो. मागच्या टायरमध्ये पाणी भरल्यानं पकड वाढते, पण पुढचा भार हलका होत नाही. किती वजन चालेल, हे माहितीपुस्तिकेत पाहा. आपल्या मॉडेलला तो लोडर चालतो का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

चालताना भरलेली बकेट जमिनीपासून फूटभरच वर ठेवा. उंच बकेट घेऊन वळलात, तर ट्रॅक्टर कुशीवर पडू शकतो. उतारावर फोर व्हील जोडून ठेवा. बकेटमध्ये माणूस कधीही बसवू नका, आणि ती वर असताना तिच्याखाली जाऊ नका. हायड्रॉलिकचा पाइप फुटायला क्षण पुरतो. उतरण्याआधी बकेट जमिनीला टेकवा, मगच इंजिन बंद करा.

खताच्या दोन खेपा जास्त झाल्या, तर थोडं डिझेल जाईल. घरचा माणूस मात्र संध्याकाळी धडधाकट परत यायला हवा.