डिस्ने वर्ल्डची भोजनयोजना : समज आणि जमाखर्च

फ्लोरिडातील ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांत उतरणाऱ्या पाहुण्यांना मुक्कामातील जेवणाची रक्कम आगाऊ भरण्याची जी सोय होती, ती महासाथीत बंद पडून ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाली. आणि तिच्याविषयीचे जुने समजही तिच्यासमवेत नव्याने प्रचलित झाले.

गैरसमज : आगाऊ पैसे भरले की जेवण स्वस्त पडते.

वस्तुस्थिती : मुख्य योजनेचा २०२४ मधील दर प्रौढामागे रात्रीला ९४.२८ डॉलर होता. त्यात टेबलावर बसून घ्यावयाचे एक जेवण, काउंटरवरचे एक जेवण आणि एक खाऊ येतो. शिवाय मुक्कामभर पुन्हापुन्हा भरून घेता येणारा एक मग मिळतो. यातील प्रत्येक हक्काला ‘क्रेडिट’ म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी एका जेवणामागे एक क्रेडिट खर्ची पडते, मग पदार्थ महाग असो वा स्वस्त. त्यामुळे महागडे बुफे जेवण आणि जेवणासोबत मिळणारा मद्याचा एक प्याला घेणाऱ्याची रक्कम वसूल होते. परंतु आपल्याकडून गेलेला, मद्याला न शिवणारा शाकाहारी प्रवासी तेच क्रेडिट बेताच्या किमतीच्या शाकाहारी पदार्थांवर खर्च करून बहुधा तोट्यात राहतो.

गैरसमज : एकदा पैसे भरले की खिशात हात घालावा लागत नाही.

वस्तुस्थिती : वाढप्याची बक्षिसी आणि जेवणाआधीचे स्टार्टर या रकमेत धरलेले नाहीत. सिंड्रेलाज रॉयल टेबलसारख्या बड्या ठिकाणी एका जेवणाला दोन क्रेडिटे वळती होतात. टेबलाचे आरक्षणही स्वतंत्रपणे करावे लागते; ते ६० दिवस आधीपासून करता येते. योजना घेतल्याने जागेची हमी मिळत नाही.

गैरसमज : उरलेल्या जेवणांचे पैसे परत मिळतात.

वस्तुस्थिती : खाणावळीत खाडे वजा होतात, तशी वजावट येथे नाही. चार रात्रींच्या मुक्कामाची क्रेडिटे पाच दिवसांत कोणत्याही क्रमाने वापरता येतात. मात्र खोली सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री जी शिल्लक उरेल, ती सरकारजमा समजावी.

गैरसमज : मुलांसाठी ही योजना म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

वस्तुस्थिती : तीन ते नऊ वर्षांच्या मुलाचा २०२४ मधील दर रात्रीला २९.६९ डॉलर होता, आणि कंटेम्पररी हॉटेलातील शेफ मिकीज येथे मिकीच्या सहवासात घ्यावयाच्या रात्रीच्या एकाच जेवणाला मुलामागे त्याहून अधिक रोख मोजावी लागत असे. परंतु दहा वर्षे पुरी झाली की तेच मूल प्रौढांच्या दरात जाते. आणि तीन वर्षे व त्यावरील सर्वांना एकच योजना घ्यावी लागत असल्याने अल्पाहारी आजीलाही तिच्यातून वगळता येत नाही.

सारांश, दोन प्रौढ आणि आठ वर्षांचे मूल चार रात्री राहिल्यास २०२४ च्या या दराने ८७३ डॉलर होत. उपाहारगृहांच्या दरपत्रकांवरून आपल्या कुटुंबाच्या खऱ्या भुकेची बेरीज आधी मांडावी. ती योजनेच्या चालू दराने होणाऱ्या रकमेच्या वर गेली तरच पैसे भरावेत, एरवी त्या त्या जेवणाचे पैसे त्या त्या वेळी देणेच शहाणपणाचे.