पालव्यावरचा पाहुणा

घाटकोपरहून लोकलने सीएसएमटी, तिथून चालत पालवा बंदर आणि मग घारापुरीची लाँच. घरी पाहुणे आले की आमचा हा ठरलेला कार्यक्रम. वरच्या डेकचे जादा पैसे भरले की डावीकडे नौदलाच्या करड्या युद्धनौका दिसतात आणि पाहुण्यांची पोरं त्या मोजायला लागतात. मला मात्र दर वेळी तिथे नसलेलं एक जहाज आठवतं. रशियन, तीन डोलकाठ्यांचं, चिलखती. 23 डिसेंबर 1890 ला ते मुंबईत आलं तेव्हा इथे गेटवे नव्हतं, ताजही नव्हतं.

नाव ‘पाम्यात अझोव्हा’, म्हणजे ‘अझोव्हची आठवण’. सेंट पीटर्सबर्गच्या बाल्टिक कारखान्यात बांधलेलं आणि 1888 मध्ये पाण्यात उतरलेलं. भार सुमारे 6,700 टन, पाण्याच्या रेषेवर चिलखताचा पट्टा, 8 इंची 2 तोफा, 6 इंची 13. दोन पंखे, वाफेची इंजिनं, वेग 17 नॉटच्या आसपास.

एवढी इंजिनं असताना शिडं कशाला? इथेच या जहाजाची खरी गोम आहे. एडन, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग अशी वाटेवरची कोळशाची ठाणी सगळी इंग्रजांच्या हातात. रशियाला बाल्टिकपासून व्लादिवोस्तोकपर्यंत स्वतःचं एकही नाही. लढाई जुंपली तर कोळसा देणार कोण? म्हणून वाऱ्यावर चालायची सोय. आणि लढाईत याचं काम काय, तर इंग्रजांच्या व्यापारी बोटी हेरून धरणं. ब्रिटिश आरमाराशी समोरासमोर भिडणं रशियाला झेपणारं नव्हतं. मालाची बोट मात्र एकटी गाठता आली असती. मुंबईहून कापसाच्या गाठी भरून निघालेली आगबोट, हे याचं भक्ष्य. आणि तेच जहाज मुंबईला पाहुणा घेऊन आलं. वाघावर बसून बारशाला यावं, तसा प्रकार.

पाहुणा होता 22 वर्षांचा युवराज निकोलस, पुढचा आणि रशियाचा शेवटचा झार. सोबत धाकटा भाऊ जॉर्ज. मुंबईचे गव्हर्नर तेव्हा लॉर्ड हॅरिस, राज्यकारभारापेक्षा क्रिकेटसाठी जास्त ओळखले गेलेले गृहस्थ. पाचच वर्षांपूर्वी, 1885 मध्ये, पंजदेहला रशियन फौजेने अफगाणांना मार दिला होता आणि इंग्रज-रशियन लढाई अगदी दारात येऊन परत फिरली होती.

रशियन येतील ही धास्ती मुंबईला तशी जुनीच. बंदराच्या रखवालीला ‘मॅग्डाला’ आणि ‘ॲबिसिनिया’ ही दोन चिलखती जहाजं 1870 मध्ये लंडनला बांधून इथे आणलेली होती. 1868 मध्ये नेपियरच्या हाताखाली मुंबईहून जी फौज ॲबिसिनियावर गेली, तिच्या विजयावरून ही नावं. डेक पाण्याच्या जेमतेम वर, मधोमध चिलखती कोट, कोटाच्या दोन टोकांना दोन फिरते बुरूज आणि प्रत्येक बुरुजात 10 इंची तोफांची जोडी. त्या तोफा अजून तोंडाकडून ठासायच्या. बाहेरच्या खवळलेल्या समुद्राच्या कामाची ही जहाजं नव्हेत. दारात बसवलेले म्हातारे भालदारच ते. ज्याच्या धास्तीने असा पहारा बसवायचा, त्याचंच तोफांच्या सलामीने स्वागत करायचं. राजेलोकांना ते जमतं.

‘पाम्यात अझोव्हा’चं मुंबईशी नातं मात्र या भेटीहून जुनं आहे. मूळ ‘अझोव्ह’ हे रशियाचं शिडाचं युद्धजहाज. 20 ऑक्टोबर 1827 ला ग्रीसच्या किनाऱ्यावर नॅव्हरिनोला इंग्रज, फ्रेंच आणि रशियन आरमारांनी मिळून तुर्की-इजिप्ती आरमार बुडवलं. त्यात ‘अझोव्ह’ रशियन सेनापतीचं जहाज होतं. त्याच दिवशी इंग्रज सेनापती कॉड्रिंग्टनचं निशाण कुठल्या जहाजावर होतं? ‘एशिया’वर, 84 तोफांच्या. आणि ‘एशिया’ बांधलं होतं मुंबईच्या गोदीत, सागवानात, वाडियांनी. 1824 मध्ये ते इथल्याच पाण्यात उतरलं. म्हणजे ज्या लढाईची आठवण नावात मिरवत हे जहाज पालव्यावर आलं, तिथे मुंबईचं लाकूडही तोफगोळे खात होतं. स्वागताच्या भाषणात हे कुणाला सुचलं असेल, असं मला वाटत नाही.

जॉर्ज मुंबईतच तापाने पडला, त्याला ‘ॲडमिरल कॉर्निलोव्ह’ या दुसऱ्या जहाजाने परत पाठवलं. निकोलस पुढे जपानला गेला, तिथे ओत्सूला एका पोलिसाने त्याच्यावर तलवार चालवली. तो वाचला. त्याच सुमारास झारने आपल्या राणीला फाबर्जेने घडवलेलं एक अंडं भेट दिलं. गडद हिरव्या दगडाचं, लाल शिंतोड्यांचं. आत निळसर खड्याच्या समुद्रावर सोन्या-प्लॅटिनमचं बोटभर ‘पाम्यात अझोव्हा’: डोलकाठ्या, तोफा, नांगराची साखळी, मागच्या बाजूला नाव, सगळं जागच्या जागी. ते अजून क्रेमलिनमध्ये आहे.

खऱ्या जहाजाचं नशीब तेवढं सोनेरी नव्हतं. 1906 मध्ये खलाशांनी बंड केलं आणि अधिकाऱ्यांना मारलं. त्यानंतर झारच्या आरमाराने त्याचं नावच पुसलं; 1909 पासून ते नुसतं ‘द्विना’. क्रांतीनंतर जुनं नाव परत मिळालं, तोवर शिकारीचे दिवस सरले होते आणि ते क्रोनश्टाटला पाणबुड्यांच्या दिमतीला उभं होतं. 18 ऑगस्ट 1919 च्या पहाटे इंग्रजांच्या काही छोट्या टॉर्पेडो बोटी बंदरात घुसल्या. त्यातल्या एकीने याला जागच्या जागी बुडवलं. ती बोट लाकडाची होती.