मुंजीची डीव्हीडी

सकाळी दहा. दांडियाबाजारातल्या दुकानाचं शटर वर जाण्याआधीच एक काका ओट्यावर बसलेले. नातवाच्या मुंजीचं शूटिंग पेनड्राइव्हवर. ‘डिस्कवर कॉपी केलं रे, पण घरचा प्लेअर घेतच नाही.’ हे रोजचंच. फाइल नुसती डिस्कवर टाकली तर ती कंप्युटर वाचतो. जुन्या प्लेअरला ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर लागतो आणि त्यातलं चित्र एमपीईजी-2 पद्धतीचं लागतं.

साडेदहा. फाइल तपासतो. मोबाइलवरचं चित्र कितीही मोठं असलं तरी आपल्याकडच्या पाल पद्धतीत डीव्हीडीवर ते 720 बाय 576 च उरतं, सेकंदाला 25 फ्रेम. धार जाणार, हे काकांना पैसे घेण्याआधी सांगतो. मोबाइलमध्ये फ्रेमचा वेग कमीजास्त होत राहतो. म्हणून आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये तो एकसारखा 25 करून घेतो, नाहीतर मंत्र पुढे आणि गुरुजींचे ओठ मागे! उभं शूटिंग असेल तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येऊ देतो. पडदा भरायला गेलं तर बटूचं डोकंच कापलं जातं.

अकरा. डीव्हीडीस्टायलर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, नवशिक्यांनी यातच हात बसवावा. पाल, 16:9, आवाज एसी-3 आणि 48 किलोहर्ट्झ, एवढं निवडलं की पुढचं सोपं. मेनूत नाचरी अक्षरं घालायचा मोह होतो, तो आवरावा. आजींना रिमोटच्या बाणांनी बटण सापडलं पाहिजे. चॅप्टर मात्र मन लावून पाडतो: मातृभोजन, मंगलाष्टकं, भिक्षावळ. दर दहा मिनिटांनी आपोआप पाडलेले चॅप्टर काय कामाचे?

बारा. नृत्य शिकणाऱ्या एका मुलीचे वडील आले, अरंगेत्रमचं अडीच तासांचं शूटिंग घेऊन. इथे हिशेब लागतो. साध्या डिस्कवर 4.7 जीबी छापलेलं असतं, कंप्युटर तीच 4.37 दाखवतो. तासाभराच्या चित्राला सेकंदाला 8 मेगाबिट देता येतात. दोन तासांना, आवाज धरून, जेमतेम 5. अडीच तासांना 4 च्या आसपास, आणि मग जलद पदन्यासात चित्राचे चौकोन पडतात. मध्यंतरापाशी तोडून दोन डिस्क करू, म्हटलं. ते कुरकुरले, पण कबूल झाले.

एक. एन्कोडिंग लावून सेव-उसळ खायला.

तीन. थेट डिस्क जाळत नाही. आधी आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एक फाइल, बनवून व्हीएलसीवर मेनूसकट पाहतो, मग इमगबर्नने डीव्हीडी-आरवर लिहितो. वेग 4 एक्स, भरलेल्या डिस्कला पाव तास. लिहून झाल्यावर पडताळणी चालू ठेवायचीच. कोऱ्या डिस्क चांगल्या मिळणं हीच आता पंचाईत. एके काळी मोझर बेअर सगळीकडे असायची. ती कंपनी 2018 साली अवसायनात निघाली.

पाच. दुकानातल्या जुन्या प्लेअरवर, रिमोट हातात घेऊन, शेवटच्या चॅप्टरपर्यंत उड्या मारून पाहतो. कंप्युटरवर चालली म्हणजे चालली, असं मी धरत नाही.

सहा. काकांचा फोन: एक डिस्क न्यू जर्सीला मुलीकडेही पाठवायचीय. म्हणजे वेगळी बनवावी लागणार. तिकडे एनटीएससी, 720 बाय 480 आणि 29.97 फ्रेम. आपले बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती घेतात, तिकडचे बरेचसे पाल घेत नाहीत. घरी बनवलेल्या डिस्कला रीजनचं कुलूप मात्र नसतं.

साडेसात. काका आले. डिस्कवर नाव मऊ मार्करने लिहिलं, स्टिकर लावत नाही. तो सुटला की प्लेअरमध्ये अडकतो. पेनड्राइव्ह परत देताना सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो: डीव्हीडी झाली म्हणून मूळ फाइल पुसू नका. डिस्कवरून ते चित्र पुन्हा पूर्वीसारखं होत नाही.