ॲडेनॉइड्स : दीडशे वर्षांची कापाकापी

कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर या डॉक्टरकडे एक तरुणी आली. तिला ऐकू कमी यायचं आणि बोलणं सर्दी झाल्यासारखं बसकं. मेयरने तिच्या टाळूमागून बोट वर सरकवलं, तर नाकाची मागची वाट मऊ मांसल वाढीने बुजलेली. १८६८ साली त्याने हे लिहून प्रसिद्ध केलं आणि ती वाढ खरवडून काढायला कडीच्या आकाराची सुरीही बनवली. पुढे देशोदेशीच्या वर्गणीतून कोपनहेगनमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला.

ती वाढ म्हणजे फुगलेले ॲडेनॉइड. ॲडेनॉइड सगळ्याच मुलांना असतात. श्वासावाटे येणारे जंतू अडवणारं हे ठाणं साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात सर्वांत मोठं असतं, मग आपोआप आटत जातं. टॉन्सिल 'आ' केला की दिसतात, हे दिसत नाहीत. वाढले की मूल तोंडाने श्वास घेतं, घोरतं, नाकात बोलतं. मधल्या कानातून येणारी नळी तिथेच शेजारी उघडते. ती तुंबली की पडद्यामागे पाणी साचतं, आणि हाक ऐकू न आलेल्या पोराला घरचे 'लक्ष नाही' म्हणून रागावतात.

मेयरचा शोध खरा होता. घोटाळा झाला तो नंतरच्या उत्साहात. न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला १९०६च्या जूनमध्ये शाळेतच मुलांचे ॲडेनॉइड काढले गेले. डॉक्टर पोरांचे गळे चिरताहेत, अशी आवई उठली आणि स्थलांतरित ज्यू आयांचे जमाव शाळांवर चालून गेले. काचा फुटल्या. त्या बायकांना अडाणी ठरवणं तेव्हा सोपं गेलं. मायदेशातल्या ज्यूंच्या कत्तली पाहून आलेल्या आईने डॉक्टरच्या सुरीवर आंधळा विश्वास का ठेवावा, हा प्रश्न मला जास्त रास्त वाटतो.

पुढच्या तीसेक वर्षांत टॉन्सिल-ॲडेनॉइड काढणं हा बालपणाचा जणू संस्कारच झाला. अंगातल्या कुठल्याही दुखण्याचं मूळ घशात दडलेलं असतं, हा समज त्यामागे होता. १९३४ साली न्यू यॉर्कमध्येच टॉन्सिलसाठी अकरा वर्षांची १,००० मुलं तपासली. ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले. उरलेल्या ३८९ पैकी १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली गेली. 'ठीक' ठरलेली २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी आणखी ९९ निवडली. राहिलेल्या ११६ मधून तिसऱ्या फेरीत ५१! तपासणाऱ्यांना आजार दिसत होता की सवय, हे या आकड्यांवरून कळतं. १९३८ मध्ये ब्रिटनच्या ॲलिसन ग्लोव्हरनेही दाखवून दिलं, की मूल कुठल्या गावात राहतं यावर त्याची शस्त्रक्रिया ठरते. सुरीच्या जोडीला रेडियमही आलं; नाकातून सळई घालून ॲडेनॉइड 'जाळण्याचा' हा प्रकार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाणबुडीवरच्या सैनिकांवर झाला, तसा मुलांवरही. किरणोत्साराचा धोका उमगल्यावर तो बंद पडला.

प्रतिजैविकं आल्यावर संसर्गासाठी कापण्याची निकड ओसरली. १९७६ मध्ये ख्रिस्टियन गिलेमिनो यांनी मुलांमधल्या झोपेतल्या श्वासरोधाचं वर्णन केलं आणि इतकी वर्षं हसण्यावारी नेलेलं घोरणं एकदम गंभीर ठरलं. रात्री श्वास अडखळत असेल तर झोप मोडते. दिवसा मूल पेंगण्याऐवजी अनेकदा चिडचिडं नि अतिचंचल होतं.

२०१३ साली अमेरिकेत असा श्वासरोध असलेल्या पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांचे दोन गट करून केलेल्या अभ्यासाचे निकाल प्रसिद्ध झाले. टॉन्सिल-ॲडेनॉइड काढलेल्यांची झोप आणि वागणूक जास्त सुधारली. मात्र लक्ष देण्याच्या चाचणीत लक्षणीय फरक पडला नाही. नुसती वाट पाहिलेल्या गटातही ४६ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांत सामान्य आली. शस्त्रक्रियेच्या गटात ७९ टक्के. म्हणून आता त्रास सौम्य असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा देऊन थांबतात, दुर्बिणीने किंवा एक्स-रेने वाट किती अडली आहे ते पाहतात. श्वास थांबत असेल किंवा कानातलं पाणी महिनोन्‌महिने हटत नसेल, तर मात्र काढायला सांगतात.