‘उजाडलं’ या वाक्याचे उद्देश्य कोणते?

खामगाव तालुक्यातील एका गावी नातलगांकडे गेलो असताना घरातल्या पाचवीतल्या मुलीची वही हाती आली. ‘उद्देश्य व विधेय ओळखा’ असा प्रश्न आणि पहिलेच वाक्य ‘मला भूक लागली.’ मुलीने ‘मला’ हे उद्देश्य लिहिले होते. त्यावर लाल फुली, आणि शेजारी बरोबर उत्तर म्हणून ‘भूक’. ती म्हणाली, “मामा, भूक त मले लागली. मंग वाक्य माह्याबद्दलच झालं ना?”

या प्रश्नाला मी तिथल्या तिथे उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन व्याकरणाची जुनी पुस्तके काढली, तेव्हा ध्यानात आले की मुलगीही बरोबर आहे आणि शिक्षकही.

शाळेत व्याख्या शिकवतात ती अशी: ज्याच्याविषयी सांगायचे ते उद्देश्य, त्याच्याविषयी जे सांगितले ते विधेय. या व्याख्येने मुलीचे उत्तर चुकत नाही. भुकेची बातमी ती स्वतःविषयीच देते आहे. पण कर्ता शोधायची आपली रीत निराळी आहे. धातूला ‘णारा’ जोडून विचारायचे: लागणारी कोण? भूक. म्हणून शिक्षकांचे उत्तर ‘भूक’. गोंधळ होतो तो उद्देश्य आणि कर्ता एकच, असे न सांगता धरून चालल्यामुळे. ‘चिमणी दाणा टिपते’ या वाक्यात ती दोन्ही एकाच शब्दात येतात. सरावाला अशीच वाक्ये दिली, तर फरक कोणाच्या लक्षात येत नाही.

याखेरीज तिसरी गोष्ट आहे: क्रियापद कोणाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते? मला आंबा मिळाला, चिंच मिळाली, बोरे मिळाली. ‘मला’ जागचे हलले नाही. क्रियापद फळाबरोबर बदलले. ‘आईने भाकरी भाजली’, ‘आईने कांदा भाजला’ यांत भाजणारी आईच, पण क्रियापद भाकरीचे आणि कांद्याचे ऐकते. ‘मुलीने कुत्र्याला हाकलले’ यात ते मुलीचेही ऐकत नाही आणि कुत्र्याचेही. कर्तरी, कर्मणी, भावे हे तीन प्रयोग ते हेच. मूल शाळेत येण्याआधीपासून ते बिनचूक वापरत असते.

मग ही सरमिसळ आली कोठून? दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यासमोर लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. इंग्रजी विधानवाक्यात वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी बहुधा एकाच शब्दात सापडतात आणि तो शब्द क्रियापदाच्या आधी ठेवावाच लागतो. तिथे एका प्रश्नाने भागते. मराठीत भागत नाही. पाणिनीने कर्ता ठरवला तो क्रियेतील स्वातंत्र्यावरून. क्रियापद कर्ता, कर्म की भाव यांपैकी काय सांगते हा प्रश्न त्याने वेगळा ठेवला. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात आधीच्या व्याकरणकारांची मते तपासून प्रयोगांची दीर्घ चर्चा केली आहे. म्हणजे जाणत्यांना ही अडचण ठाऊक होती. पाचवीच्या वहीपर्यंत ती पोचली नाही.

‘पूर्ण वाक्यात उत्तर लिहा’ या सूचनेचेही तसेच आहे. उद्देश्य आणि विधेय दोन्ही असले की वाक्य पूर्ण, असे मुलांना सांगतात. मग ‘उजाडलं’ याचे काय? ‘गडगडतंय’ याचे काय? इथे कर्ता दडलेला नाही, तो नाहीच. इंग्रजीत अशा जागी ‘इट’ हा नाममात्र शब्द घालावा लागतो, मराठीला त्याची गरज नाही. उलट ‘शाळेत जाताना रस्त्यात’ यात तीन शब्द असूनही वाक्य नाही, कारण सांगणे पुरे झालेले नाही. ‘कुठे निघालीस?’ याला ‘शाळेत जाते’ हे उत्तर पूर्ण आहे. ‘मी’ प्रश्नावरूनच कळतो.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मुलांना एका प्रश्नाऐवजी तीन प्रश्न द्यावेत: वाक्य कोणाविषयी आहे? क्रिया करणारा कोण? शब्द बदलून पाहिले तर क्रियापद कोणाप्रमाणे बदलते? तिसऱ्याचे उत्तर पाठ करावे लागत नाही, कानाला कळते. घाटावरचे मूल ‘मला’ म्हणो की घाटाखालचे ‘मले’, आंबा जाऊन चिंच आली की दोघेही ‘मिळाला’चे ‘मिळाली’ करतातच. व्याकरणाच्या पहिल्याच धड्यात या कानावर फुली बसली, तर मूल पुढे स्वतःचे ऐकणे सोडते आणि उत्तरे घोकू लागते.

पुढच्या खेपेला त्या मुलीबरोबर आंबा-चिंचेचा हा खेळ खेळलो. वहीतली फुली मी खोडली नाही, ती शिक्षकांची. तिने मात्र शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवले: ‘लागणारी भूक. वाक्य माझ्याविषयी.’